उठा म्हणायचं राहून गेलं

१

दुपारी दीड ते साडेतीन हे दोन तास भिंगरीच्या आईचे स्वतःचे. भिंगरी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची मुलगी. खरं नाव वेगळं होतं, चांगलं अर्थबिर्थ पाहून ठेवलेलं, पण ते आता फक्त लसीकरणाच्या कार्डावर उरलं होतं. पोरगी एका जागी ठरायचीच नाही. जेवताना फिरे, गोष्ट ऐकताना फिरे. बालवाडीच्या बाईंनी एकदा वहीत लिहूनच पाठवलं होतं, 'घरी बसण्याचा सराव घ्यावा.' झोपेतसुद्धा ती पलंगाच्या चारी कोपऱ्यांना भेट देऊन यायची. पण झोपायची, हे महत्त्वाचं. तिचा डोळा लागला की आई चोरपावलांनी बाहेर यायची, जेवणाच्या टेबलावरचा चुरा हातानं एका बाजूला सारायची आणि लॅपटॉप उघडायची.

काम फोटोंचं होतं. भिंगरी होण्याआधी ती दूरदूरच्या मुलखांत फिरून तिथल्या माणसांचे फोटो काढायची. हमाल, कोळी, भाजीवाल्या, दारात बसलेली म्हातारी माणसं. आता कॅमेरा कपाटाच्या वरच्या खणात, हिवाळी कपड्यांच्या मागे होता. पण तीन आठवड्यांनी तिचं पहिलं प्रदर्शन भरायचं होतं, बावीस चेहऱ्यांचं, आणि त्यासाठी ती जुन्या फाइली एकेक उघडून डाग काढत बसायची.

खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा तिचा नियमच जास्त प्रसिद्ध होता. फुकट फोटो काढायचा नाही. पैसे आधी, पूर्ण आणि हातात. नोटेच्या चार घड्या घालायच्या आणि एक कोपरा आत खोचायचा, म्हणजे भीक घातल्यासारखं दिसत नाही, पत्र दिल्यासारखं दिसतं. हौशी फोटोवाल्यांच्या कार्यशाळेत ती हे करून दाखवायची. कोणीतरी हटकून म्हणायचं, पैसे दिल्यानं माणसं बिघडतात, नाटकं करायला लागतात. ती म्हणायची, न दिल्यानं आपण बिघडतो. पैसे दिले की ते मोकळे आणि आपणही मोकळे. यावर लोक माना डोलवायचे. भांडी घासताना मात्र तिला या वाक्याची कधीकधी शंका यायची. इतकं गुळगुळीत वाक्य खरं असेल का, असं वाटायचं. मग ती नळ जरा मोठा सोडायची.

त्या गुरुवारी नववा फोटो उघडला होता. 'दारातली बाई.' प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर हाच जाणार होता. दगडी दार, बुटकं लाकडी स्टूल, त्यावर ताठ बसलेली पन्नाशीची बाई, दोन्ही हात गुडघ्यांवर. दाराच्या चौकटीची सावली जमिनीवरून येऊन तिच्या डाव्या पायापाशी थांबली होती. फक्त अंगठा उन्हात. सोमवारची अख्खी दुपार भिंगरीच्या आईनं या अंगठ्यावर घालवली होती, कारण नखाशेजारी धुळीचा एक डाग आला होता आणि उजेडातला डाग काढणं जिकिरीचं असतं.

आज अंगठा सावलीत होता. सावली घोट्यापर्यंत चढली होती.

चुकून दुसरा फोटो उघडला असेल, असं तिला वाटलं. त्या बाईचे तिनं तेव्हा अकरा फोटो काढले होते, एका मिनिटात, एकामागून एक. तिनं अकराही पाहिले. अकराही ठिकाणी सावली घोट्याशी होती.

म्हणजे आपल्याच लक्षात चुकीचं राहिलं, तिनं ठरवलं. आई झाल्यापासून ती किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायची, तिथे सावलीची काय कथा.

२

फ्रेमवाले काका गल्लीच्या टोकाला बसत. शुक्रवारी सकाळी, भिंगरी बालवाडीत असताना, ती त्यांच्याकडे गेली. दुकान एवढंसं, भिंतभर लाकडाचे कोपरे टांगलेले, सरसाचा आणि कापलेल्या पुठ्ठ्याचा वास. काका मिलिमीटरचे भक्त होते. फोटोभोवती जो जाड पांढरा पुठ्ठा बसतो, ज्याला ते माउंट म्हणत, त्याची खिडकी ते एका दमात कापायचे आणि कापताना कोणाला बोलू द्यायचे नाहीत.

"ताई, बरं झालं आलात," ते म्हणाले. "मला जरा माझ्याच अकलेची तपासणी करायचीय."

त्यांनी नववा फोटो समोर ठेवला. छापून आणून तिनं मंगळवारी त्यांच्याकडे दिला होता तोच कागद.

"तुम्ही म्हणाला होतात, बाईच्या अंगठ्याचं नख बरोबर माउंटच्या कडेला टेकलं पाहिजे. टेकवलं. पेन्सिलीची खूण बघा, ही. आता नख बघा."

कडा आणि नख यांच्यामध्ये बोटभर दगड दिसत होता.

"माउंट सरकला असेल," भिंगरीची आई म्हणाली.

"माझा?" काका एवढंच म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "सरकला असता तर वर डोक्याकडे फरक पडला असता. डोकं जागच्या जागी आहे. बाईनं पाय आखडून घेतल्यासारखा दिसतो. आमची ही सांधेदुखीनं घेते ना, तसा."

तिनं खाली वाकून पाहिलं. पाय खरंच आखडलेला होता. पण ती जास्त वेळ पाहत राहिली ती चेहऱ्याकडे. या चेहऱ्याबद्दल तिला लोक नेहमी सांगायचे, काय शांत बाई आहे हो. शांत नव्हती ती. ओठांच्या कडेला बारीक घडी पडली होती. ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसाच्या तोंडावर पडते, तशी.

"दमलेली वाटते," काका म्हणाले. "किती वेळ बसवलं होतंत हिला?"

"एक मिनिट."

"मग मी नवीन माउंट कापतो," ते म्हणाले. "पण ताई, मी पुन्हा कापणार नाही हं. हिला सांगा, आता हलायचं नाही."

त्यांना वाटलं ती हसेल. भिंगरीला बालवाडीतून आणायची वेळ झाली म्हणून ती उठली. वेळ झाली नव्हती.

३

संध्याकाळी भिंगरीचा बाबा आला तेव्हा ती त्याला लगेच सांगणार नव्हती. पण तो बूट काढत असतानाच तिनं सांगून टाकलं.

"सावली सरकली," तो म्हणाला. "फोटोतली."

"असं म्हटलं की मला वेड लागल्यासारखं वाटतं."

"मग कसं म्हणू? अगं, तू गेले पंधरा दिवस रोज दोन तास एका बाईच्या अंगठ्याकडे बघतेयस. मी असतो तर मला तो अंगठा गाणं म्हणताना दिसला असता." त्यानं भिंगरीला खांद्यावर टाकलं आणि ती त्याचे कान ओढू लागली. "आणि ही तीच बाई ना? तुझ्या कार्यशाळेतल्या गोष्टीतली?"

तीच होती. ती गोष्ट ती प्रत्येक कार्यशाळेत सांगायची आणि प्रत्येक वेळी हशा मिळायचा.

गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी, डोंगरातलं एक गाव. भिंगरी तेव्हा पोटात होती, तिसरा महिना, आणि तिची आई प्रत्येक वळणावर गाडी थांबवायला लावत होती. त्या दारात ही बाई काहीतरी निवडत बसली होती. भिंगरीच्या आईनं नियमाप्रमाणे आधी पैसे दिले. जरा जास्तच दिले. गाडीवाला दुभाषाचं काम करायचा, तो म्हणाला, "मॅडम, एवढ्यात ही दोन महिने घर चालवेल." तिला बरं वाटलं होतं. बाईनं घडी घातलेली नोट मुठीत धरली, सूप बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली आणि गाडीवाल्याला काहीतरी विचारलं.

"विचारतेय, किती वेळ?"

"सांग, मी झालं म्हणेपर्यंत."

तेवढं बोलून तिनं कॅमेरा उचलला आणि अकरा फोटो काढले. आणि मग पोटातून असं काही ढवळून आलं की ती कॅमेऱ्यासकट गाडीकडे पळाली. ओकून झाल्यावर तोंड धुऊन मागच्या सीटवर आडवी पडली. गाडीवाला मात्र गाडी सुरू करेना.

"मॅडम, तुम्ही तिला उठा म्हणालाच नाहीत."

"ती काय, उठेल की."

"आमच्याकडे दाम घेतला की देणाऱ्यानं म्हटल्याशिवाय उठत नाहीत. फार तर बदली बसवतात, घेतलेला दाम तिच्या हातात देऊन."

"चला हो," ती म्हणाली होती. पुढचा घाट अंधाराच्या आत उतरायचा होता. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, जणू बाईला काही कळवतोय, आणि ते निघाले.

इथे कार्यशाळेत ती थांबायची आणि म्हणायची, "तर मंडळी, ती बाई अजून बसली असेल." मग हशा.

"तू ती गोष्ट सांगणं आता बंद कर," बाबा म्हणाला. "हसू येतं, पण नंतर जरा कसंतरी होतं."

"हे तू मला चार वर्षांत कधी सांगितलं नाहीस."

"तुला आवडायची ती सांगायला."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, भिंगरी झोपल्यावर, तिला एक गोष्ट आठवली जी ती कधीच कोणाला सांगत नसे. नोट हातात पडेपर्यंत त्या बाईच्या चेहऱ्यावर वैताग होता, थोडं कुतूहल, थोडी लाज. सगळं एकदम, जिवंत. नोट पडली आणि ते सगळं आत गेलं. चेहरा कामाला लागला. तो कामाला लागलेला चेहराच लोकांना शांत वाटत होता. आणि दाम एवढा दिला होता, की त्या बाईला नाही म्हणायची सोयच उरली नव्हती.

४

शनिवारी एक नवल झालं. भिंगरी बसली.

बाथरूममध्ये हात धुताना चढायला तिचं एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल होतं. ते तिनं ओढत नेलं, बाल्कनीच्या दारात ठेवलं आणि त्यावर बसली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. आई स्वयंपाकघरातून बघत राहिली. पोळीचा एक कोपरा करपेपर्यंत पोर हलली नाही.

आईनं लगेच फोन काढून चित्रफीत घेतली आणि बाबाला पाठवली. 'आपली मुलगी बसली. पुरावा जोडला आहे.' बाबानं उलट लिहिलं, 'बॅटरी संपली असेल. बदलून बघ.'

सोमवारी बालवाडीच्या बाई फाटकाशी थांबून मुद्दाम बोलल्या. "काय जादू केलीत? आज गोलात अर्धा तास बसली. शेजारच्या मुलानं ढकललं तरी हलली नाही." आई फुशारून घरी आली. चांगल्या आया घेतात तसा सराव आपणही घेतलाय, असा चेहरा तिनं केला होता, आणि घरी आल्यावर तिला त्याची लाज वाटली.

त्या दुपारी ती म्हणाली, "भिंगरे, दारात बसून काय करतेस गं?"

"काम."

"कोणाचं काम?"

"काकूंचं."

"कोणत्या काकू?"

भिंगरीनं मान न वळवता फक्त बोट केलं. बोट जेवणाच्या टेबलाकडे होतं, जिथे लॅपटॉप मिटून ठेवलेला होता. "त्यांचे पाय दुखतात," ती म्हणाली. "मी थोडा वेळ बसते. मग त्या उठतात."

"तुला त्यांनी सांगितलं?"

"त्या बोलत नाहीत. बघतात फक्त."

शिकलेल्या माणसाला अशा वेळी सतरा कारणं सुचतात. लॅपटॉप उघडा राहिला असेल. पोरीनं फोटो पाहिला असेल. मुलं नक्कल करतात, पुस्तकात लिहिलंय, पानसुद्धा तिला आठवत होतं. तिनं ही सगळी कारणं स्वतःला नीट क्रमानं सांगितली. मग निळं स्टूल उचललं आणि कपाटावर टाकलं, भिंगरीच्या हाताला लागणार नाही असं.

तिनं लॅपटॉप उघडला. सावली बाईच्या मांडीवर आली होती. डावा हात गुडघ्यावर नव्हता. तो चौकटीवर टेकला होता, खाली बसलेलं माणूस उठायच्या आधी आधार शोधतं तसा. आणि डोळे, जे चार वर्षं सरळ कॅमेऱ्याकडे होते, ते थोडे बाजूला वळले होते. खोलीत त्या बाजूला बाल्कनीचं दार होतं.

पुसून टाकावी ही फाइल, तिला वाटलं. बोट डिलीटच्या बटणापर्यंत गेलं. पण पुसली तर बाई कुठे जाणार? बसलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावून घेतल्यासारखं होईल ते. हे कारण तिनं स्वतःला दिलं. त्याच्या मागे दुसरं एक कारण होतं आणि तेही तिला दिसत होतं. पत्रिका छापायला गेल्या होत्या. त्यांच्यावर हाच फोटो होता.

तिनं फाइल तशीच मिटली.

५

गाडीवाल्याचा नंबर जुन्या डायरीत सापडला, पावसाच्या ओघळानं अर्धा पुसलेला. दोन चुकीच्या माणसांची माफी मागून झाल्यावर तिसऱ्या वेळी तो लागला.

"मॅडम," तो म्हणाला, जणू कालच भेटले होते. "ओळखलं. तुम्ही माझ्या गाडीच्या चाकावर ओकला होतात."

"हो. तीच मी." ती हसली आणि हसणं मध्येच तुटलं. "ती बाई आठवते? दगडी दारातली. मी फोटो काढले होते."

"हो."

"कशी आहे ती?"

पलीकडे गाडीचा आवाज होता, चढावर घरघरणारा.

"बसलीय," तो म्हणाला.

"म्हणजे, घरी असते? बरी आहे?"

"मॅडम, मी त्या रस्त्यानं जात नाही आता. दुसऱ्या बाजूनं जातो. लांब पडतं, पण जातो."

"हे बघा, तुम्ही माझ्या वतीनं तिला सांगाल का? झालं म्हणून. उठा म्हणून. मी पैसे पाठवते, तुम्हालाही आणि—"

"आणखी पैसे नका देऊ," तो एकदम म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. मग खाली आला. "दाम तुम्ही दिलात. सांगायचंही तुम्हीच. समोर येऊन."

"मला लहान मुलगी आहे. मी लगेच कशी येणार?"

"मुलगी," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "केवढी आहे?"

तिनं फोन ठेवला. उत्तर दिलं नाही. का दिलं नाही ते तिला सांगता आलं नसतं, पण ते वय त्या घाटातल्या वाऱ्यात उच्चारलं जाऊ नये एवढं तिला कळलं.

रात्रीच्या जेवणाआधी बाबानं विचारलं, "कोणाचा फोन होता?" ती म्हणाली, "जुना गाडीवाला. प्रदर्शन झालं की एकदा त्या गावाला जाऊन येऊ आपण." बाबा म्हणाला, "प्रदर्शन झालं की." दोघांनीही तेवढ्यावर सोडलं. तीन आठवड्यांचा तर प्रश्न होता. चार वर्षं झालीच होती.

६

बुधवारी दुपारी तिनं ठरवलं. गावाला जाता येत नसेल, पण समोर तर बसता येतं. भिंगरी झोपली होती, गाल उशीवर चेपलेला, तोंड उघडं. आईनं खोलीचं दार लोटलं, लॅपटॉप उघडला, फोटो पडदाभर मोठा केला आणि खुर्चीत ताठ बसली. बाईचं अंग आता स्टुलावरून अर्धं उचललेलं होतं. चौकट धरलेल्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या. सावली गळ्यापर्यंत होती.

"झालं," भिंगरीची आई म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "झालं हो. उठा तुम्ही. चुकलं माझं."

काही झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. आपण जेवणाच्या टेबलाची माफी मागतोय, असं तिला वाटलं आणि हसू आलं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. पत्रिका आल्या होत्या. पोचवणाऱ्या माणसानं सही मागितली, पेन चालेना, दुसरं शोधावं लागलं. फार तर दोन मिनिटं. गठ्ठा काखेत धरून ती परत आली तर पडद्यावर दार होतं, स्टूल होतं. स्टुलावर कोणी नव्हतं. सावली दारात शिरली होती आणि लाकडाची बैठक बसून बसून गुळगुळीत झालेली दिसत होती.

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. उठली. ऐकू गेलं तिला. पत्रिका गेल्या खड्ड्यात, प्रदर्शनात रिकामं दार लावीन, लोक विचारतील तेव्हा खरं सांगीन. तिला रडू येत होतं आणि ते चांगलं वाटत होतं.

मग तिच्या लक्षात आलं की झोपायच्या खोलीचं दार उघडं आहे.

पलंग रिकामा होता. उशीवर गालाचा खळगा तसाच होता.

भिंगरी बाल्कनीच्या दारात बसली होती. कपाटावर टाकलेलं निळं स्टूल खाली होतं. पाठ ताठ. डावा हात गुडघ्यावर, उजव्याची मूठ. बाल्कनीच्या चौकटीची सावली फरशीवरून येऊन तिच्या डाव्या पायाशी थांबली होती. फक्त अंगठा उन्हात.

"भिंगरे, ऊठ."

भिंगरी समोर बघत होती.

"बाळा, ऊठ. झालं. आई म्हणते ना, झालं."

"तू नाही," भिंगरी ओठ न हलवल्यासारखं म्हणाली. "काकू म्हणतील तेव्हा."

आईनं तिला काखेत हात घालून उचललं. म्हणजे उचलायला गेली. पंधरा किलोची पोर, दिवसातून वीस वेळा कडेवर घेतलेली. ती हलली नाही. जमिनीत रोवलेला खांब उचलायला जावं तसं आईच्या कमरेतून कळ गेली. पोरीच्या ओठांच्या कडेला एक बारीक घडी पडली होती. साडेतीन वर्षांच्या तोंडावर ती घडी कुठे बसवावी हेही त्या तोंडाला कळत नव्हतं.

आईनं तिची मूठ धरली. बोटांच्या फटीतून कागदाची कड दिसली. परक्या मुलखाची नोट, घामानं मऊ पडलेली. चार घड्या. एक कोपरा आत खोचलेला.

त्या घडीकडे ती किती वेळ बघत होती कोण जाणे. ऊन तेवढ्यात केसभर सरकलं असावं, कारण अंगठ्याच्या नखाची कड विझली.

"हे मला दे," ती म्हणाली. "मी बसते. आई बसते तुझ्याऐवजी."

मूठ लगेच उघडली. इतकी सहज, की जणू याचीच वाट बघत होती. नोट आईच्या हातात आली आणि भिंगरी स्टुलावरून उडाली, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि "मला भूक लागली" असं ओरडत आतल्या खोलीत पळाली. तिच्या पावलांचा धपधप आवाज आईनं कान भरून ऐकला.

आणि ती त्या निळ्या स्टुलावर बसली. गुडघे हनुवटीला लागत होते, तरी पाठ आपोआप ताठ झाली. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

मागे, टेबलापाशी, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तिला मान वळवता आली नाही. बाल्कनीच्या उघड्या दाराच्या काचेत खोलीचा एक तुकडा दिसत होता: टेबलाची कड, खुर्चीचा पाय, आणि खुर्चीच्या दांडीवर टेकवलेलं एक अनवाणी पाऊल. एक हात खाली आला आणि त्या घोट्याला सावकाश चोळू लागला. पुष्कळ वेळ. मग हात वर गेला. पाऊल जमिनीवर आलं, अडखळलं, मग सावरलं.

"काकू, निघालात?" आतून भिंगरीचा आवाज आला.

खाली रस्त्यावर एका गाडीनं दोनदा हॉर्न वाजवला. पावलं घाईघाईनं दरवाजाकडे गेली. कडी निघाली. जिन्यावरून उतरत जाणारी पावलं ऐकताना भिंगरीची आई आता वाट बघत होती एका शब्दाची, जिन्यातून का होईना, मागे वळून का होईना. तो शब्द तिच्या भाषेत नसला तरी तिला कळला असता. पण ज्याची गाडी खोळंबलेली असते त्याच्या ध्यानात राहत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि दाम तर चुकता झाला होता. आधी, पूर्ण आणि हातात.

भिंगरी बिस्कीट खात आली. आईच्या भोवती एक फेरी मारून समोर उभी राहिली आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघू लागली.

"आई, किती वेळ?"

काहीतरी सांगायला हवं होतं. बाबा येईपर्यंत, म्हणावं. थोडाच वेळ, म्हणावं. तिनं तोंड उघडायचा प्रयत्न केला. पण चेहरा कामाला लागला होता.